उलटा चेहरा

मंगळवार, संध्याकाळ

लिनक्स प्रणालीतल्या, कॅमेरा चालवणाऱ्या नव्या ड्रायव्हरमुळे लॅपटॉपच्या कॅमेऱ्यात चेहरा उलटा दिसतो, हे आधी मला दिसलं. मला! गंगापूर रोडला चहा पिताना मैत्रिणीला, मानसीला, मीच सांगितलं. माझा मेल ठळक, रंगीत अक्षरांत सजवलेला, म्हणून लिनक्स बनवणाऱ्यांच्या मेल-यादीवरून आपोआप परत आला. त्यांना साधा मजकूरच चालतो. तिने साधा पाठवला, त्यांनी पाठवलेली दुरुस्ती तपासूनही दिली. आज ती दुरुस्ती जाहीर झाली, खाली चाचणी करणारी म्हणून मानसीचं नाव.

"अरे, तुझ्यामुळेच झालं," म्हणाली. मग तसं तिकडे लिहायचं ना! पण मी बोललो काय? "अभिनंदन."

उलटा चेहरा माझा होता. नाव तिचं का?

घरी येऊन दुरुस्त केलेला ड्रायव्हर टाकला. चेहरा सरळ आला. तोंड तेवढं वाकडं.