एकेकोबाच्या गळ्यातली पदवी

प्रिय एदुआर्दाताई,

धाकट्या बासिलियाचा नमस्कार, आणि देव्हाऱ्याशेजारी मिशा पिळत उभ्या असलेल्या आमच्या भरभराटीच्या देवाचा, मातीच्या एकेकोबाचाही. तुझे गुडघे कसे आहेत? सांता क्रूसच्या उकाड्यात ते बरे राहतात म्हणतेस, तर राहू देत. इथे ला पासमध्ये थंडी आहे, दुकान ठीक चाललंय, गोल टोप्या खपताहेत, आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नाही.

कारण तुझी लाडकी भाची वारा. तिने कॉलेजात कुठला विषय घ्यावा यावरून नाताळापासून रण माजलंय. पुढेमागे दुकान तिनेच चालवायचं, एवढं एकच सगळ्यांना मान्य. तिचा बाप सेवेरो म्हणतो हिशेबशास्त्र (गल्ला मोजताना स्वतःला घाम फुटतो, म्हणून). मी म्हणते व्यवसाय व्यवस्थापन. नावातच धंदा आहे, आणखी काय हवं? आणि बाईसाहेब म्हणतात मानसशास्त्र! मी म्हटलं, अगं, आपण टोप्या विकतो, वेड्यांवर उपचार नाही करत. तर म्हणते, "आई, पेलाखियाबाई तासभर टोपी घालून आरशात बघतात आणि न घेता जातात. का जातात, ते कुठल्या हिशेबात शिकवतात?" परवा त्याच पेलाखियाबाई पुन्हा आल्या. वाराने त्यांच्या डोक्यावरची टोपी हळूच काढून घेतली आणि ही तुमच्या जावेला शोभली असती, असं सांगितलं. बाईंनी ती टोपी घेतलीच, वर तपकिरी रंगाची आणखी एक घेतली. मी कौतुक केलं नाही. कार्टी शेफारली असती.

शेवटी मी ठरवलं, जानेवारीच्या इटुकल्या वस्तूंच्या जत्रेतच याचा सोक्षमोक्ष लावायचा. व्यवस्थापनाची इटुकली पदवी विकत घ्यायची, बाराच्या ठोक्याला डोंगरदेवाशी बोलणाऱ्या यातिरीबुवाकडून तिला धुरी द्यायची आणि एकेकोबाच्या गळ्यात अडकवायची. (तुझी इटुकली बस आठवते ना? वर्षाच्या आत खरी बस दारात उभी राहिली. भाऊजींनी इटुकले ब्रेकही घ्यायला हवे होते.) पदवी एकदा त्या गळ्यात पडली की मग सेवेरो काय आणि वारा काय, कुणाची बोलायची टाप नाही.

पण गर्दी काय विचारतेस! वाट काढायला सेवेरोला पुढे पाठवला, तर तो मका आणि तळलेल्या चीजच्या ताटापाशीच रमला. मी एकटी कोपरं मारत बुवापर्यंत पोचले तोवर घंटा सुरू झालेल्या. बुवाने पदवीला धुरी दिली, दारू शिंपडली, फुलं उधळली आणि खेकसला, "कुणाच्या नावाने?" रोज दुकानात ओरडायची सवय ना, तोंडून निघून गेलं, "बासिलिया!" झालं. त्याने इलिमानी डोंगराला हाक मारून माझंच नाव सांगून टाकलं. अहो, मुलीच्या, मुलीच्या, म्हणून मी ओरडतेय, तोवर बुवा शेजारच्या माणसाच्या इटुकल्या सिमेंटच्या गोणीकडे वळलेला.

घरी सेवेरो इतका हसला की त्याला ठसका लागला. वाराने मात्र पदवी एकेकोबाच्या गळ्यात अडकवली, त्याच्या तोंडात नैवेद्याची सिगारेट खोचली आणि शांतपणे म्हणाली, "डोंगराला दिलेलं नाव परत घेता येत नाही. व्यवस्थापन तुझं, मानसशास्त्र माझं." दुसऱ्या दिवशी जाऊन नाव घालूनही आली. सिगारेट शेवटपर्यंत जळली, म्हणजे एकेकोबालाही पटलं असावं. आता त्याच्यापुढे मी कोण बोलणार?

आणि माझ्या पदवीचं काय करायचं ग? या वयात घागरा सावरत पोरासोरांच्या बाकावर बसू? बाजार हसेल मला. तेव्हा तो विषय इथेच बंद. गुडघ्यांना शेक दे.

तुझी,
बासिलिया

ता. क. : संध्याकाळचेही वर्ग असतात म्हणे. वाराने सहज चौकशी केली. त्या वेळेत दुकान ती सांभाळेल.

आणखी एक ता. क. : माझा शाळेचा दाखला आईच्या ट्रंकेत आहे, आणि ट्रंक तुझ्याकडे. मिळेल त्या बसने पाठव. (भाऊजींच्या नको.) पाकिटावर वाराचं नाव घाल, सेवेरोला इतक्यात कळायला नको.

शेवटचा ता. क. : शाळा संपल्यावर बाबांनी मला दुकानात बसवलं, तेव्हा मी किती रडले होते ते फक्त तुला माहीत आहे. म्हणून तुलाच सांगते. घंटा वाजत होत्या, बुवाला नीट ऐकू आलं नाही, म्हणून त्याने नाव पुन्हा विचारलं होतं. मी पुन्हा माझंच सांगितलं.