मेघनाचे वॉक

केंब्रिज, रविवार, ५ ऑक्टोबर

मेघनाने बेसबॉल सोडला. क्लबच्या निरोप समारंभासाठी तिच्या पिचिंगचे, म्हणजे बॉल टाकण्याचे, आकडे काढायला बसलो. स्कोअरशीट निम्म्या माझ्या हातच्या, निम्म्या तिच्या आईच्या. माझी प्लँटमध्ये शिफ्ट असली की मॅचला हीच जायची.

माझ्या शीटवर वॉकच वॉक. तिचे चार बॉल भरकटले की बॅटर फुकट बेसवर. हिच्या शीटवर वॉक जवळजवळ नाहीतच. आधी वाटलं, हिने लिहिलेच नसतील. पण रनही कमीच गेलेत. म्हणजे मी असलो की...? मी तर नुसतं जाळीमागून 'कोपर वर' म्हणायचो.

हिला दाखवलं. म्हणाली, "अहो, म्हणून तर पोर दर आठवड्याला तुमची शिफ्ट विचारायची."

मला वाटायचं, मी यावं म्हणून विचारते.