नाल्याकाठची फेकणी आणि चार मोहझाडे यांची व्यवस्था

मी, दुर्गेश्वरी ईश्वरदास पटले, वय सत्तेचाळीस, व्यवसाय शिवणकाम, राहणार टेकाटोला, तालुका सालेकसा, जिल्हा गोंदिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने व कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. पुढच्या सोमवारी गोंदियाला माझ्या पोटाची शस्त्रक्रिया आहे. डोके ठिकाणावर आहे. 

१. राहते घर व बँकेतील ठेव भाऊ उमेंद्र याची मुलगी नीतू हिला मिळावी. शिलाई मशीनही तिलाच. तिची टीप सरळ येत नाही, पण तिच्या वयात माझीही येत नव्हती.

२. या मृत्युपत्राची अंमलबजावणी उमेंद्रने करावी. बिया दूर फेकायला मी बांधलेल्या लाकडी फेकणीचा पहिला गोळा मागे उडून त्याच्या छपरावर पडला, तेरा कवेलू फुटले. तेव्हा तो चारचौघांत म्हणाला, "हे का बाईमाणसाचं काम होय? भंगारात दे तो तमाशा." मी आठ महिने त्याच्याशी बोलले नाही. चूक माझी होती. झोळी अडकवायचा खिळा मी सरळ ठेवला होता. वाकवल्यावर गोळा पुढे जाऊ लागला. कवेलू त्याने मुकाट्याने स्वतःच बदलले. त्याचे आभार मानायचे राहिले होते, ते इथे मानते.

३. फेकणी माझ्या धानाच्या बांधीत, नाल्याकाठी उभी आहे. ब्लाउज बेततात तसा तिचा नमुना मी आधी खाकी कागदावर कापला. सागाचा लांब वासा, आखूड टोकाला वजनाची पेटी, लांब टोकाला जाड कापडाची झोळी. पेटी धाडकन खाली येते, झोळी वर जाते आणि मातीत वळलेला बियांचा गोळा नाल्यापलीकडच्या जळक्या पहाडीवर पडतो. तिथे माणूस चढू शकत नाही.

वजनासाठी मी बोडीतली, म्हणजे शेततळ्यातली, ओली माती भरली होती. दर आठवड्याला गोळा अलीकडे पडू लागला. मी दोर बदलले, झोळी दोनदा उसवली. शेजारच्या फुलवंताकाकू बघत होत्या. म्हणाल्या, "काऊन व दुर्गा, दोराले कायले दोष देतेस? माती वाळून राहिली. हलकी झाली तं फेकंल कशी?" मग त्यांनीच गावातल्या बायांकडून पडून असलेली दळायची दगडी जाती मागून आणली. पेटीत आज नऊ घरांची जाती आहेत. ज्या घराला हवे, त्याचे परत द्यावे. फेकणी त्या नऊ घरांतल्या बायांची सामाईक समजावी. त्यांच्याइतके मला कोणी दिले नाही.

४. तीन वर्षांपूर्वी फुले वेचायच्या दिवसांत मी माझ्या मोहाखालचा पाला पेटवला. सगळेच पेटवतात, फुले स्वच्छ दिसतात. एक ब्लाउज लग्नाआधी द्यायचा होता, म्हणून आग पुरती विझायच्या आत मी घरी आले. वारा सुटला. आग कोरडा नाला ओलांडून पहाडीवर गेली. पायथ्याची फुलवंताकाकूंची मोहझाडे जळाली, त्यांच्या सासूपासूनची. आग कोणाची, हे गावाला कळले नाही. फेकणी मी त्यासाठी बांधली, आणि काकू काहीच माहीत नसताना माझ्या बाजूला बसून गोळे वळत राहिल्या. माझ्या बांधावरची चार मोहझाडे त्यांना द्यावीत.

पुरवणी, त्याच दिवशी. काकूंना साक्षीसाठी बोलावले. त्यांना वाचता येत नाही. "वाचून दाखव. न आयकता अंगठा देत नाही मी." कलम चार वगळावे असे क्षणभर वाटले. वगळले नाही.

चारही कलमे त्यांनी ऐकून घेतली. मग म्हणाल्या, "तीन साल माझ्या बाजूले बसून राहिली, अन् तोंड नाही उघडलं?"

"भीती वाटली, काकू."

"मले राग आला हाय. तो राहील काही दिवस." पुढे म्हणाल्या, "झाडं नको देऊ. मेल्यावर देतेस काय? जित्ती ये. अन् फागुनात माझ्यासंगं पाला झाड. जाळाचा नाही, खराट्यानं झाडाचा."

म्हणून झाडांची देणगी काकूंच्या सांगण्यावरून रद्द करते. माझ्या पश्चात ती नीतूला मिळावीत, एका अटीवर: त्यांच्याखाली कोणी, कधीही, काडी ओढू नये. ही अट काकूंना दोनदा वाचून दाखवली. त्यानंतर त्यांनी अंगठा दिला.

ठिकाण: टेकाटोला
दिनांक: ८ जानेवारी २०२५
सही: दुर्गेश्वरी ईश्वरदास पटले

आमच्या समक्ष सही झाली:
१. फुलवंता लालसिंग उईके (डाव्या हाताचा अंगठा)
२. श्यामलाल तुरकर, किराणा दुकानदार (सही)