सुचवेल तो सांभाळेल

प्रिय मास्तर,

पत्र पाहून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. आपल्या ठमीचा दात पडल्याचं फोटोवरून कळलं. एरवी बत्तिशी दाखवणारी पोरगी ओठ मिटून बसलीय. आईंना सांग, त्यांचा स्वेटर रोज घालते. ऑफिसातला एसी काही केल्या कमी होत नाही.

माझं काम नेमकं काय, हे तू कितीदा विचारलंस आणि मी कॉम्प्युटरचं आहे म्हणून वेळ मारून नेली. आमचं सॉफ्टवेअर छोट्या छोट्या बंद डब्यांत भरलेलं असतं, त्यांना कंटेनर म्हणतात. कुठला डबा कुठल्या मशीनवर चालवायचा, बंद पडला तर कसा उठवायचा, हे बघणारी व्यवस्था लागते. आम्ही पाच-सहा जण होतो तेव्हा मी ती माझ्या पद्धतीने जोडतोड करून उभी केली. आता माणसं इतकी वाढलीत की खुर्च्या पुरत नाहीत, आणि ती जोडतोड माझ्याशिवाय कुणालाच उमगत नाही. म्हणून तर आंघोळीलाही फोन साबणाशेजारी असतो, आणि ठमीच्या वाढदिवसाला निम्मा वेळ मी फोन कानाला लावून जिन्यात उभी होते. हेच काम करणारा नवा, तयार प्लॅटफॉर्म आला, तो दुसऱ्या कुणी हाती घेतला, की मी सुटले, असं तुला सांगत आले. घोडं कुठे अडलंय ते मात्र सांगितलं नाही.

आमच्याकडे एक नियम आहे: सुचवेल तो सांभाळेल. साहेबांनी कधीतरी थट्टेत काढला आणि तो सगळ्यांच्या मानगुटीवर बसला. त्यामुळे मीटिंगमध्ये सगळे मिठाची गुळणी धरून. कुठला प्लॅटफॉर्म घ्यायला हवा हे मला केव्हाच कळलं होतं. सगळ्यांत मोठा, सगळं करणारा, पण सांभाळणाऱ्याला दोन वर्षं मान वर करू न देणारा. तोंड उघडलं तर मी अडकणार, आणि नाही उघडलं तर अडकलेली होतेच. दुसऱ्या कुणी सुचवावं म्हणून खडे टाकून पाहिले, पण सगळे माझ्या वरताण.

मग एक नवी बाई आली. कामात तरबेज, हसरी, लहान मुलाला बहिणीकडे ठेवून आलेली. तिला ऑफिस दाखवायचं काम माझ्याकडे होतं. कॉफीचं मशीन दाखवलं, मध्येच थांबणारी लिफ्ट दाखवली, कोण कशावरून चिडतं तेही सांगितलं. नियम तेवढा सांगितला नाही. विसरले म्हणायची सोय आहे, पण तुझ्याशी कशाला खोटं बोलू?

परवा मीटिंगमध्ये ती उठली आणि माझ्या मनातलं सगळं तिने फळ्यावर मुद्देसूद मांडलं. साहेब खूश. बाकीचे टेबलाकडे बघत राहिले, मीसुद्धा. काम तिच्या गळ्यात पडलं. नंतर ती मुद्दाम माझ्या जागेवर आली, तुम्ही मला इतकं सांभाळून घेतलंत म्हणून आभार मानायला. मी तिचं अभिनंदन केलं.

राजीनामा दिलाय. महिनाअखेरीस मी येतेय, कायमची. हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू आनंदाने ओरडला असतास, ठमीला हाक मारली असतीस, आणि मग हे सगळं माझ्या पोटातच राहिलं असतं. आधी हे वाच, मग मला घ्यायला ये. आज तिने मला विचारलं, मुलाला इकडे कधीपर्यंत आणता येईल. लवकरच, म्हणाले मी.

तुझीच,
कटकट