ज्याचा हात, त्याचं नाव

३ मार्च, सोमवार

मालक शिवणखोली विकतोय! महिनाअखेरपर्यंत आम्ही घेतली तर आमची, नाहीतर तिथे टायरचं दुकान. बायका रडकुंडीला आल्या. एकजण म्हणाली, "आता परत घरी बसायचं का हो?" मी म्हटलं, मी असताना? मोहीम काढू, दारोदार मदत मागू, आणि खोली तुमच्या नावावर करू. संस्थेची अध्यक्ष काय नुसती खुर्ची उबवायला झालेय?

आवाहनाचं पत्र तयारसुद्धा झालं. नणंदेला म्हटलं, दोन ओळी खरड. घरीच असते ना. तिने पानभर लिहिलं. वाचताना माझेच डोळे भरून आले. खाली झोकात सही ठोकली.

५ मार्च, बुधवार

पत्राने काम केलं! बिस्किटांच्या कारखान्याच्या मालकीणबाईंचा स्वतःहून फोन. "तुमची लेखणी म्हणजे अगदी काळजाला हात घालते हो." हात सढळ आहे बाईंचा, पण पारख कडक. सोळा तारखेला शाळेच्या सभागृहात कार्यक्रम आहे, त्याला येणार. "तुमची ती काज करणारी बाई मला समोर बसून काज करताना बघायचीय. मग जे कमी पडेल ते माझं." म्हणजे खोली खिशातच की!

आमच्या बायका शिवतात त्या प्रत्येक पिशवीला चिठ्ठी बांधलेली असते. त्यावर छापलेलं — 'हे काम … यांनी केलं. कामाचा योग्य मोबदला दिला आहे.' मधलं नाव जिचं तिने लिहायचं. ती काज करणारी म्हणजे आमची काजताई; तिचं नाव असलेली पिशवी तर दुकानात टिकतच नाही. तिच्या पिशवीच्या बटणाचं काज उलटं धरा, सुलटं धरा, सारखंच. लोक नाव बघून उचलतात.

८ मार्च, शनिवार

काजताई स्टेजवर यायला तयार नाही. "ताई, मला त्या दिवशी ताप येणार आहे." आठवडाभर आधी ताप ठरवून ठेवणारी बाई पहिल्यांदाच पाहिली! उद्या घरीच जाऊन धडकते.

नणंदेने निमंत्रणं लिहिली, फोन केले, फलक रंगवले. नवरा म्हणतो, "निदान तिला बरं तरी म्हण." घरातल्यांचे काय आभार मानायचे!

९ मार्च, रविवार

धडकले. दार उघडंच होतं. काजताई मशीनवर. आणि खिडकीशी स्टुलावर, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, तिचा नवरा — काज करतोय! तेच ते काज, उलटसुलट सारखं.

मी दारातच थिजले. काजताईने मशीन थांबवली, मला बसायला मोडा दिला आणि सगळं सांगून टाकलं. गेल्या थंडीपासून तिची बोटं आखडतात, सुई धरवत नाही. नवरा कोट शिवणाऱ्या कारखान्यात कारागीर होता, तो कारखाना बंद पडला. तेव्हापासून पिशवी ती शिवते, काज घरी हा करतो.

"अहो, पण आपण सगळीकडे सांगतोय, फक्त बायकांच्या हातचं! आणि चिठ्ठीवर नाव तुमचं!"

"मग? मी मजुरी देते ना त्यांना. तुमच्याच दराने. रविवारी सुट्टी. आज बसलेत ते तुमच्या कार्यक्रमाची घाई म्हणून. दुप्पट मागताहेत."

नवरा मान वर न करता म्हणाला, "मालकीण चांगली आहे. पैसे वेळेवर देते. कटकट करते, पण ती लग्नापासूनच करते."

हसू आलं, पण मालकीणबाईंना कळलं तर? खोली गेलीच. बारा बायका आहेत खोलीत.

११ मार्च, मंगळवार

तोडगा काढला. काजताईच्या हाताला पट्टी बांधायची, 'कालच लागलं' म्हणायचं. काज नाही, नुसते चार शब्द बोलेल. साप भी मरे, लाठी भी न तुटे! आपलं डोकं म्हणजे डोकं.

नणंदेला ऐकवलं. ती फलकाचा ब्रश धूत होती. म्हणाली, "वहिनी, नको. खरं सांग. दोघांना बसव आणि चिठ्ठीवर दोन्ही नावं घाल. ज्याचा हात, त्याचं नाव."

"तुला व्यवहारातलं काय कळतं," म्हटलं. ती परत ब्रश धुवायला लागली.

१३ मार्च, गुरुवार

पुष्कळ विचार करून मी ठरवलं — दोन्ही नावं घालायची. भाषण नणंदेला लिहायला दिलंय.

१६ मार्च, रविवार

जिंकलो!!

सभागृह खच्चून भरलं होतं. स्टेजवर काजताई आणि तिचा नवरा. तो काज करतोय, ती शेजारी उभी — "अहो, दोरा ओढा. एवढा नाही!" लोक पोट धरधरून हसले. मग मी उभी राहिले आणि सगळं खरं सांगून टाकलं. नवरा बायकोच्या हाताखाली कामाला आहे, पगारी आहे, आणि आजपासून चिठ्ठीवर त्याचंही नाव असेल. "काम लपवून मान मिळत नाही. ज्याचा हात, त्याचं नाव!" मालकीणबाईंकडे बघायचा धीर होईना. आणि सगळ्यांत आधी टाळी वाजवली ती त्यांनीच!

जे कमी पडलं ते त्यांनी तिथल्या तिथे भरलं. खोली आमची! काजताई माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले, आणि तिचा नवरा दुप्पट मजुरीची आठवण करून देत होता.

निघताना मालकीणबाईंनी विचारलं, "ते वाक्य सुचलं कसं हो तुम्हाला?"

"आपोआप," मी म्हटलं.

नणंद मागे खुर्च्यांच्या चवडी लावत होती. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे.

१७ मार्च, सोमवार

सकाळी टेबलावर भाषणाचा कागद होता. त्याला आमची एक चिठ्ठी टाचलेली. 'हे काम … यांनी केलं.' मधे नणंदेचं नाव, तिच्या अक्षरात. पुढच्या ओळीवर, मोबदल्याच्या, सरळ रेघ. पट्टी धरून मारलेली.

तिच्या खोलीचं दार बंद आहे. तासभर झाला, तिला चार ओळी लिहायला बसलेय. एकही सुचत नाही. आजवर माझं सगळं तीच लिहून द्यायची.