पारूवहिनींची तहानलेली पिल्ले

काशीद, शुक्रवार संध्याकाळ, १९३२

विसरण्याआधी आत्ताच लिहितो. शेजारच्या पारूवहिनींकडची कोंबडीची अकरा पिल्ले दुपारी अचानक झोकांड्या खाऊ लागली. दोन मेली. त्यांची सासू म्हणाली, "देवीचा कोप हाय. तिन्हीसांजेला कोंबडी कापा, म्हणजे पिल्लं वाचतील." मी भडकलो. अंगणात उभा राहून जंतूंवर, साथीवर बोललो. उरलेली पिल्ले जाळून टाका, असेही म्हणालो.

वहिनी म्हणाल्या, "भावोजी, भाषान जरा थांबवा. ही पानी किती पितात बघा."

खरेच. पाण्याच्या पसरट मातीच्या परळातून एकाचीही चोच निघत नव्हती. साथ असती तर एवढी तहान का? मी विचारले, "सकाळी काय घातलंत?"

"रोजचा कोंडाच. आज सुकट धुतली, तिचं पानी त्यात कालवलं. वाया कशाला घालवायचं?"

कोंडा जिभेवर ठेवला. नुसते मीठ. मोठ्या कोंबड्यांना हे चालते, म्हणून इथे घरोघरी घालतात. पण या मुठीएवढ्या जिवांना? कोंडा फेकला. परळात गोडे पाणी थोडे थोडे, पुन्हा पुन्हा देत राहिलो.

दिवेलागणीला आठ पिल्ले पायांवर उभी होती. नववे सासूच्या ओच्यात. ती बोटाने त्याला पाणी पाजत होती. कोंबडीचे नाव कोणी काढले नाही.

उद्या गावात देवभोळेपणावर माझे भाषण आहे; त्या सभेत हे सांगणारच. वहिनींनी तहान पाहिली, हे सांगेन. आणि मी "जाळा" म्हणालो होतो, ते? तेच आधी सांगायला हवे.