थांबलेल्या गाडीतला गारवा

प्रिय टेगन,

पत्र बघून म्हणशील, म्हाताऱ्या बापाचं डोकं ठिकाणावर आहे ना! पण फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी पाऊसपाण्याचं बोलून ठेवून देईन, हे आपल्या दोघांनाही ठाऊक आहे. म्हणून लिहायला बसलोय. शेजारच्या बेव्हकडून कळलं, तू टाउन्सव्हिलला एका सुपरमार्केटात गल्ल्यावर बसतेस आणि पान्याला हात लावत नाहीस. मेकॅनिकच्या उमेदवारीचं शेवटचं वर्ष राहिलं होतं तुझं. तुझी हत्यारांची पेटी शेडमध्ये तू ठेवलीस तिथेच आहे. मी ती उघडलेली नाही.

इकडे क्लॉनकरीत यंदा पाऊस बरा झाला. गवत कमरेला लागलंय आणि बिया आत शिरू नयेत म्हणून जो तो गाडीच्या तोंडाला जाळी बांधत सुटलाय. तुझ्या आईला जाऊन पाच महिने झाले. लोक विचारतात, 'कसा आहेस रे डेस?' मी म्हणतो, बरा. ते खोटंही नाही, कारण मला काही होतच नाही. बेव्ह मटणाचा रस्सा आणून ठेवते, मी उभ्याउभ्या खातो, भांडं धुऊन परत देतो. तिनं 'कसा झाला होता?' विचारलं की आठवत नाही. रडू तर एकदाही आलं नाही. बेव्ह म्हणते, 'येईल रे, वेळ लागतो.' मी मान हलवतो.

तुला त्या दिवसाचं सगळं कोणी नीट सांगितलं नाही. मीच सांगायला हवं होतं. सप्टेंबरात सुट्टीला आलीस तेव्हा आपल्या गाडीच्या रेडिएटरच्या पंख्याची, गाडी उभी असली की एसीलाही हवा देतो त्याच पंख्याची, जळलेली मोटर तू बदललीस. मी शेडच्या दारात चहा पीत उभा होतो आणि एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझ्यासारख्या माणसासाठी हे केवढं होतं ते तुला कळलं असेल. ऑक्टोबरात उन्हं तापली आणि आईची भुणभुण सुरू झाली, 'डेस, गाडी थांबली की हा तुझा एसी गरम फुंकतोय बघ.' मी म्हणायचो, 'मग थांबायचं कशाला, ग्लेनिस?' ती म्हणायची, 'गावाच्या गाड्या दुरुस्त करतोस, मेल्या, बायको भाजली तरी चालेल!' आणि आम्ही हसायचो. आपल्याकडे थांबतं कोण? गावाबाहेर पडलं की दोन-दोनशे किलोमीटर सरळ, आणि पळत्या गाडीत तिला स्वेटर घालावा लागायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. बघू पुढच्या आठवड्यात, म्हणत मी ऐन उन्हाळ्यातला नोव्हेंबर गाठला.

आई आणि मी विंटनहून, तुझ्या मावशीकडून परत येत होतो. वाटेत कायनुना गावाच्या पुढे एक व्हॅन बॉनेट उघडून उभी होती. शेजारी दोन डच मुली, उन्हानं लाल झालेल्या, हातात रिकामी बाटली. उघडं बॉनेट दिसल्यावर न थांबता पुढे गेलेला माणूस आपल्याकडे अजून जन्मायचाय. पण खरं सांगतो, मला घरी पोचायची घाई होती. आईच म्हणाली, 'थांब रे, कोणाच्या तरी पोरी आहेत.' मी इंजिन चालू ठेवलं, एसी चालू ठेवला आणि म्हणालो, 'तू आतच बस गारव्यात, दहा मिनिटांत येतो.' व्हॅनचा पाण्याचा पाइप फाटला होता. दहा मिनिटांची पंचावन्न झाली. एकदा मागे वळून बघितलं तर तिनं हात हलवला. दुसऱ्यांदा बघितलं तेव्हा ती मान टाकून झोपली होती. बरं झालं, डुलकी लागली, असं मला वाटलं, आणि मी पाइपची क्लिप आवळत राहिलो. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, उकाड्यानं उरलंसुरलं केलं.

अंत्यविधीनंतर हॉलमध्ये बेव्हच्या नवऱ्यानं, नेव्हनं, मला विचारलं, 'एसी तर चालू होता ना रे?' मी म्हणालो, 'चालू होता. पंखा टेगननं बसवला होता.' तू सँडविचचा ट्रे घेऊन माझ्या मागेच उभी होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी, निघायच्या आधी, तू शेडमध्ये आलीस आणि विचारलंस, 'बाबा, वायरी उलट्या जोडल्या का मी? पंखा उलटा फिरत होता का?' मी म्हणालो, 'माहीत नाही.' तू पेटी खाली ठेवून निघून गेलीस.

ते खोटं होतं, टेगन. मला माहीत होतं. अंत्यविधीच्या आदल्या दिवशी हात रिकामे ठेववेनात, म्हणून मी गाडी शेडमध्ये घेतली होती. एसीचा गॅस मोजायचे गेज लावले, गॅस पुरेपूर. गाडी उभ्या जागी चालू ठेवली, पंखा सुलटा आणि पूर्ण वेगानं फिरत होता. तरी आत गरम. मग पुढून नळीनं पाणी मारलं आणि आत बर्फासारखा गारवा आला. म्हणजे एसीला पुढून हवाच पोचत नव्हती. गवताच्या बियांसाठी मी एप्रिलात बांधलेली जाळी, जूनमध्ये काढायची, ती तशीच होती, आणि तिच्या मागे बियांचा बोटभर थर साचला होता. सप्टेंबरात तू विचारलंही होतंस, 'जाळी काढू का?' मी म्हणालो होतो, 'राहू दे, ते मी बघतो.' मी जाळी काढली, बिया धुतल्या, आणि गाडी जागेवर तासभर गार राहिली. हे सगळं माहीत असताना मी हॉलमध्ये तुझं नाव घेतलं. ते सोपं होतं म्हणून, आणि पाच महिने गप्प राहिलो, तेही सोपं होतं म्हणून. शनिवारी नेव्ह आणि बेव्हला समोर बसवून खरं सांगितलं. आधी तुला सांगायला हवं होतं, तेही चुकलंच. नेव्ह टोपी उचलून निघून गेला. तू माझ्याशी बोलू नकोस हवं तर, घरी येऊ नकोस, पण काम सोडू नकोस. तुझी एक वायरसुद्धा चुकली नव्हती, पोरी. तुझ्या आईला मी मारलं.

तुझाच, चालवून घेशील तर,
बाबा